स्टेडियम झालं, पण विचारलं कुणाला? मियामीच्या बेसबॉल स्टेडियमची केस

सांगलीत विश्रामबागला आमची छोटी अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, दोन कूलर आणि एक इन्व्हर्टर, जो नेमका परीक्षेच्या आदल्या रात्री रुसतो. राज्यसेवा वर्णनात्मक झाल्यापासून पोरांनी नीतिशास्त्राच्या पेपरातल्या केसची लई धास्ती घेतलीय, म्हणजे ते "तुम्ही जिल्हाधिकारी आहात, एका बाजूला अमुक, दुसऱ्या बाजूला तमुक, काय कराल" वालं प्रकरण. पुस्तकातल्या केस सगळ्या एका साच्यातल्या असतात, प्रामाणिक अधिकारी, लबाड कंत्राटदार, घरी आजारी आई. उत्तर पोरांना पाठ. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी मी एक खरी घडलेली केस घेतो, ज्यात कोण बरोबर आणि कोण चूक ते पहिल्या पानावर कळत नाही. मागच्या महिन्यात मियामीच्या बेसबॉल स्टेडियमची घेतली, दोन तास चालली, भडंग संपलं तरी कुणी उठेना, आणि नंतर चारपाच जण "सर लिहून द्या की" म्हणून मागं लागले. म्हणून हे.

बेसबॉलच का, तर आमच्याकडं एक पोरगी आहे, शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली, राज्यापर्यंत गेलेली. आपल्याकडं बेसबॉल ज्यांना माहितीय त्यातल्या बऱ्याच जणांना तो सॉफ्टबॉलच्या वाटेनं माहितीय, आणि सॉफ्टबॉल दहावीच्या ग्रेस मार्कांच्या नाहीतर नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाच्या वाटेनं, यात लपवण्यासारखं काही नाही. तिनं फळ्यावर मैदान काढून दाखवलं, होम प्लेट, तीन बेस, मधे पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. जतच्या एका पोरानं विचारलं, "म्हंजे विटीदांडूच की?" ती म्हणली, "विटीदांडूचं आणि लगोरीचं लग्न लावून दे, झाला बेसबॉल." एवढ्यावर सगळ्यांना खेळ कळला आणि आम्ही पुढं सरकलो, कारण या केसमधे खेळ तसाही थोडाच आहे, खरी मजा करारात आहे.

तर पार्श्वभूमी. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मियामी. तिथली बेसबॉल टीम मार्लिन्स, १९९३ ला सुरू झाली. तशी टीम नशीबवान, १९९७ आणि २००३ ला वर्ल्ड सिरीज जिंकली, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा कप. पण घर भाड्याचं. अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेल्या स्टेडियममधे खेळायचं, तेही शहराच्या उत्तरेला लांब. वर छप्पर नाही. मियामीचा उन्हाळा म्हणजे दुपारभर घामाची आंघोळ आणि संध्याकाळी गडगडाट करून पाऊस, सामने अडकायचे, लोक यायचे नाहीत, रिकाम्या खुर्च्यांचा फोटो पेपरात यायचा. १९९७ ला कप जिंकल्यावर तेव्हाच्या मालकानं खर्च परवडत नाही म्हणून चांगले चांगले खेळाडू विकून टाकले होते, त्यामुळं मालक लोकांवर पब्लिकचा राग आधीपासून होताच. हे ध्यानात ठेवा, पुढं लागतंय.

२००२ ला टीम जेफ्री लोरिया नावाच्या न्यूयॉर्कच्या आर्ट डीलरनं घेतली, साधारण १५.८ कोटी डॉलरला. त्याचं म्हणणं एकच, आम्हाला आमचं स्टेडियम पाहिजे, छप्पर उघडझाप होणारं, आणि पैसे सरकारनं घालायचे. नाहीतर आम्ही जातो. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं, २००५-०६ च्या सुमारास त्यांनी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराशी बोलणी पण करून बघितली.

इथं जतचं पोरगं हसायला लागलं. म्हणलं सर, आमच्या तालुक्यानं पण हेच केलंय, पाणी देत न्हाई तर आम्ही कर्नाटकात जातो. २०२२ ला जतच्या ४० गावांची केवढी चर्चा झालती आठवतंय ना. तासगावचं पोरगं म्हणलं, "आरं पण तुम्ही पाण्यासाठी म्हणत होता, तो खुर्च्यांसाठी म्हणतोय." मी म्हणलं हा फरक वहीत लिहून ठेवा. धमकी तीच, पण धमकी देणाऱ्याला तहान किती लागलीय ते बघायचं.

आता इथं दोन सरकारं आहेत ते समजून घ्या नाहीतर पुढं गोंधळ होतो. मियामी शहराची महापालिका वेगळी आणि मियामी-डेड काउंटी वेगळी. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा, पण तिचा मेयर थेट लोकांतून निवडून येतो आणि त्याच्या हातात दणदणीत बजेट असतं. स्टेडियमला दोघांनी मिळून हो म्हणायचं होतं.

जागा ठरली लिटल हवानामधे. नावावरूनच कळतंय, क्युबातून आलेल्या लोकांची वस्ती, कॉफीच्या खिडक्या, डॉमिनोचे डाव, आजोबा लोक. तिथं आधी ऑरेंज बाऊल नावाचं जुनं स्टेडियम होतं, १९३७ चं, फुटबॉलचं. ते २००८ ला पाडलं. त्या जुन्या स्टेडियमच्या आसपासच्या घरांचा एक साइड बिझनेस होता, मॅचच्या दिवशी अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावून घ्यायच्या आणि पैसे घ्यायचे. रस्त्यावर पुठ्ठ्याचा बोर्ड धरून उभं राहायचं, हात करून गाडी आत घ्यायची.

हे वाचल्यावर मला आमची मावशी आठवली. तिचं घर शहरात एका मैदानाला लागून. कृषी प्रदर्शन असलं, सर्कस असली, मोठी सभा असली की मावशी अंगणातल्या तुळशीपासून फाटकापर्यंत टूव्हीलर लावून घ्यायची, दहा रुपये एक गाडी, खडूनं सीटवर नंबर टाकायची आणि तोच नंबर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायची. तीन दिवसात साताठ हजार जमायचे असं ती सांगायची, काकांच्या मते निम्मेच. मैदानावर पार्किंगचं टेंडर निघालं तेव्हा मावशी जितकी चिडली तितकी ती कुठल्या सरकारवर चिडलेली मी बघितली नाही. तर रहिवासी म्हणजे एक माणूस नसतो. स्टेडियमच्या भिंतीला चिकटून राहणारा वेगळा, दहा किलोमीटरवर राहून टॅक्स भरणारा वेगळा, आणि टीमचा टीशर्ट घालून हिंडणारा तिसराच. केस लिहिताना "नागरिकांमधे नाराजी होती" असं एक वाक्य टाकून मोकळं व्हायचं नाही, मी अर्धा मार्क कापतो.

बरं, पैशाचं. सगळा प्रकल्प साधारण ६३ कोटी डॉलरचा, त्यात स्टेडियम, बाजूची पार्किंगची बिल्डिंग, रस्ते वगैरे आलं. यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास भार सरकारी. स्टेडियमची मालकी काउंटीची, पण तिकीट, खाणंपिणं, जाहिराती, नावाचे हक्क यातून येणारं जवळपास सगळं उत्पन्न टीमचं. म्हणजे घर माझं, घरपट्टी माझी, आणि भाडेकरू पोटभाडेकरू ठेवून पैसे त्याचे.

सरकारचा युक्तिवाद ऐकायला वाईट नव्हता हे पण सांगितलं पाहिजे. ते म्हणत होते पैसा स्थानिक माणसाच्या खिशातून नाही, हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकांवर जो कर असतो त्यातून येणार, आणि तो कर कायद्यानं पर्यटन, खेळ, असल्याच कामाला वापरता येतो, त्यातून शाळा नाहीतर पोलीस भरती करता येत नाही. वर २००८-०९ ची मंदी, फ्लोरिडात घरांवर जप्त्या, बांधकामाची कामं बंद, तर निदान हजारो मजुरांना काम तरी मिळेल. सॉफ्टबॉलवाली पोरगी याच मुद्द्याला चिकटून बसली. म्हणली, "सर, तो पैसा दुसरीकडं वापरताच येत नसेल तर स्टेडियम झालं तर बिघडलं कुठं? आम्ही शाळेच्या ग्राउंडवर चुना मारून बेस काढायचो, स्लाइड मारली की गुडघ्यात खडी. कुणी मला छप्पर असलेलं मैदान देत असेल तर मी नको म्हणणार नाही." वर्गात शांतता. कारण गुडघ्याचा डाग तिनं दाखवलाच.

तिला उत्तर द्यायला मला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. पहिली, सगळा पैसा काही पर्यटकांचा नव्हता. २००४ ला काउंटीत लोकांनी मतदान करून एक मोठं कर्जरोख्यांचं पॅकेज मंजूर केलतं, त्यात ५ कोटी डॉलर ऑरेंज बाऊलच्या दुरुस्तीला होते. ऑरेंज बाऊल तर पाडलं. मग ते ५ कोटी वळवले नव्या बेसबॉल स्टेडियमकडं. म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमधे लिफ्ट दुरुस्तीला तुमची सही घेतली आणि त्या पैशातून कमिटीनं चेअरमनच्या भाच्याला जिम काढून दिली. भाच्यानं जिम चांगली चालवली असेलही, पण सही कशावर होती?

दुसरी गोष्ट व्याजाची, आणि इथं मी जरा रेंगाळणार कारण अभ्यासिका काढायच्या आधी अकरा वर्षं मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात काढलीयत. काउंटीनं जी कर्जं उचलली त्यातलं एक होतं साधारण ९.१ कोटी डॉलरचं. ते पूर्ण फेडून होईपर्यंत जाणारी रक्कम किती, तर जवळपास ११८ कोटी डॉलर. तासगावचं पोरगं कॅल्क्युलेटर काढून बसलं, म्हणलं सर शून्य जास्त पडलं असणार. नाही पडलं. जवळजवळ तेरा पट. २०१३ च्या सुरुवातीला हा आकडा पेपरात आला तेव्हा मियामीच्या लोकांनी पण हेच विचारलं असेल. असं होतं कसं? आपल्याकडं शेतकरी माणूस द्राक्षाच्या बागेला कर्ज काढतो, पहिली दोन वर्षं बाग धरत नाही म्हणून हप्ता नको म्हणतो, मॅनेजर हसत हसत म्हणतो ठीक आहे, नका भरू, आणि व्याज मुद्दलात मिळवत जातो. तिसऱ्या वर्षी व्याजावर व्याज. हेच चाळीस वर्षं केलं तर काय होईल? तिथं नेमकं तेच, असे रोखे ज्यात सुरुवातीला काही द्यायचं नाही, व्याज साचत राहतं आणि मग शेवटच्या वर्षांत साचलेल्या व्याजासकट सगळं. ज्या साहेबांनी सही केली ते रिटायर होऊन गेलेले असतात, हप्ता भरतो तो त्यावेळी बालवाडीत असलेला. स्टेडियमची सगळी कर्जं धरली तर काउंटीच्या डोक्यावर मुद्दल व्याजासकट २४० कोटी डॉलरच्या आसपास, आणि फेड २०४० च्या दशकाच्या शेवटापर्यंत.

पतसंस्थेत आम्ही एक म्हणायचो, कर्जदार किती रक्कम मागतो ते बघू नका, पहिला हप्ता कधी मागतो ते बघा. असो.

तर विरोध कुणी केला. नॉर्मन ब्रामन. गंमत म्हणजे हा कुणी चळवळवाला नाही, गाड्यांच्या शोरूमचा अब्जाधीश मालक, आणि स्वतः एकेकाळी फिलाडेल्फियाच्या फुटबॉल टीमचा मालक होता, म्हणजे टीमचे मालक सरकारशी कसं बोलतात हे त्याला आतून माहिती. त्यानं २००८ ला कोर्टात केस टाकली. त्याचं मुख्य म्हणणं, एवढा सार्वजनिक पैसा लावताय तर लोकांचं मतदान घ्या. आपल्याकडं दारूच्या दुकानाला उभी बाटली आडवी बाटली मतदान होतं ना, गावातल्या बायका रांगेत उभ्या राहून आडवी करतात, तसलं. एका दुकानाला आपण मतदान मागतो आणि तिथं ६३ कोटी डॉलरला नाही. ब्रामन कोर्टात हरला. मार्च २००९ मधे शहराच्या कमिशननं, म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांच्या मंडळानं, ३ विरुद्ध २ आणि काउंटीच्या कमिशननं ९ विरुद्ध ४ मतांनी करार मंजूर केला. उन्हाळ्यात खोदाई सुरू.

२०१० च्या ऑगस्टमधे बॉम्ब फुटला. टीमचे आतले हिशोबाचे कागद बाहेर आले. इतकी वर्षं मालक लोक गळा काढत होते की आम्ही तोट्यात, सरकारनं हात दिला नाही तर बुडतो. कागदात दिसलं की २००८ आणि २००९ या दोन वर्षांत मिळून जवळपास ५ कोटी डॉलरची कमाई झालेली. आणि करार करताना सरकारनं टीमचं बॅलन्सशीट मागून नीट बघितलंच नव्हतं. मला विचाराल तर अख्ख्या केसचा हा कणा आहे. पतसंस्थेत एखादा चहाच्या गाड्यासाठी पंचवीस हजार मागायला आला तरी आम्ही त्याच्याकडून दोन जामीनदार, लाइट बिल आणि सासऱ्याचा सातबारा मागायचो. लोकांचा राग इथं फिरला. तोवर अर्धे लोक "होऊ दे की, छान दिसेल" म्हणणारे होते. फसवलं गेल्याची भावना आली की मग स्टेडियमचा रंग पण खुपतो.

पुढं मार्च २०११ मधे काउंटीचे मेयर कार्लोस अल्वारेझ यांना लोकांनी मुदतीच्या आधीच मतदान करून घरी पाठवलं, ८८ टक्के लोकांनी "काढा" म्हणून मत दिलं. मोहीम ब्रामननंच चालवली होती. पोरं एकदम खुश, "सर असं आपल्याकडं पाहिजे." पण थांबा, इथं उत्तरपत्रिकेत घाई करायची नाही. अल्वारेझवर लोक भडकले ते मुख्यतः मंदीत घरपट्टी वाढवली आणि त्याच वेळी कर्मचाऱ्यांचे पगार वाढवले म्हणून. स्टेडियम मागं उभं होतं, चुलीत आधीपासून निखारा असावा तसं. आणि शहराच्या बाजूला काय झालं, तर टोमास रेगालाडो, ज्यांनी कमिशनर असताना स्टेडियमच्या विरोधात मत दिलतं, ते २००९ च्याच नोव्हेंबरात मियामी शहराचे मेयर झाले. म्हणजे ज्यानं नको म्हणलं त्याच्याच गळ्यात पार्किंगच्या बिल्डिंगा पडल्या.

त्या बिल्डिंगांचं पण ऐका, कारण हे वाचून प्रत्येक सांगलीकर नाहीतर सातारकर गालात हसणार. शहरानं स्टेडियमच्या चार बाजूला पार्किंगच्या बहुमजली इमारती बांधल्या आणि तळमजल्याला दुकानगाळे काढले. आता चैतन्य येणार, हॉटेलं, दुकानं, रोजगार. बरीच वर्षं त्यातले कितीतरी गाळे रिकामे. आपल्याकडं स्टेडियम म्हणलं की आधी गाळ्यांचा नकाशा निघतो, मैदान नंतर बघू, म्हणून आपल्याला वाटतं ही आपलीच अक्कल आहे. नाही हो, जगभर आहे. वर्षातले ८१ सामने घरच्या मैदानावर, तेही बहुतेक रात्री, माणूस गाडीतून येतो, लिफ्टनं वर जातो, मॅच बघतो, आतच खातो, गाडीतून जातो. गाळ्यातल्या माणसाकडं तो वळणार कधी? स्टेडियममुळं आसपासचा धंदा वाढतो हे आश्वासन अर्थशास्त्राच्या लोकांनी अमेरिकेत पुन्हा पुन्हा तपासलंय आणि बहुतेक वेळा हाती फार काही लागलेलं नाही.

४ एप्रिल २०१२ ला स्टेडियम उघडलं. दिसायला खरंच देखणं. पांढरं, गोलसर, छप्पर सरकणारं, आत एसी. तेव्हा होम प्लेटच्या मागं काचेच्या टाक्यांत जिवंत मासे होते. आणि मैदानाच्या मागं एक भलंमोठं शिल्प, होम रन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा फटका, मारला की मासा उडी मारणार, फ्लेमिंगो फिरणार, पाणी उडणार, लाइट लागणार. २५ लाख डॉलर त्याची किंमत. फोटो दाखवला तर आमची पोरं म्हणली "गणपतीत आपल्या मंडळाचा हलता देखावा." अगदी तस्सं. मियामीच्या लोकांनी त्याला आधी भरपूर नावं ठेवली, आणि नंतर २०१७ ला नवे मालक आले, ते म्हणले हे काढतो, तर तेच लोक "आमचा आहे तो, राहू दे" म्हणून हळहळले. शेवटी ते आतून काढून बाहेरच्या पटांगणात नेऊन बसवलं. स्टेडियमच्या बाहेर अजून एक गोष्ट आहे जी मला फार आवडते, पाडलेल्या ऑरेंज बाऊलच्या नावाची मोठमोठी केशरी अक्षरं, सरळ ओळीत नाहीत, जमिनीत रुतल्यासारखी, आडवीतिडवी पडलेली, चालता चालता वेगवेगळे शब्द दिसतात. जुनं पाडल्याची आठवण नव्याच्या दारात ठेवली. आपल्याकडं पाडलेल्या गोष्टीच्या जागी फक्त नव्याचा कोनशिला फलक असतो आणि त्यावर सतरा नावं.

उघडल्यानंतर आठवडाभरातच टीमचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोचच, ओझी गियेन यानं एका मासिकाला मुलाखतीत फिडेल कॅस्ट्रोबद्दल कौतुकाचं बोलून टाकलं. लिटल हवानात! जिथल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कॅस्ट्रोमुळं देश सोडून आलेलं. म्हणजे किल्ल्यावर जाऊन औरंगजेबाचा जयजयकार करण्यासारखं. लोक स्टेडियमच्या दारात, टीमनं त्याला पाच सामने घरी बसवलं, त्यानं स्पॅनिशमधे माफी मागितली. सॉफ्टबॉलवाली म्हणली, "सर, मॅनेजरला तरी वस्ती बघून बोलायचं कळायला पाहिजे." बरोबर. स्टेडियम कुठल्या गल्लीत आहे हे ज्यांना कळत नाही त्यांना ती गल्ली आपली म्हणत नाही.

पहिल्या वर्षी २२ लाख लोक आले. टीम मात्र आपल्या गटात शेवटची. आणि नोव्हेंबर २०१२ मधे, नवं स्टेडियम उघडून आठ महिने पण झाले नव्हते तोवर, मालकानं महागडे खेळाडू होझे रेयेस, मार्क बर्ली, जॉश जॉन्सन, सगळे एका दणक्यात टोरांटोला देऊन टाकले. १९९७ चं परत. लोकांच्या मनात एकच, आम्ही वाडा बांधून दिला आणि यांनी भांडी विकली. पुढच्या वर्षी गर्दी १६ लाखाच्या आत. २०१८ ला तर वर्षभरात साधारण ८ लाख ११ हजार, अख्ख्या लीगमधे सगळ्यात कमी. छप्पर होतं, एसी होता, माणसं नव्हती. आधी म्हणत होते ऊन आणि पावसामुळं लोक येत नाहीत.

याच्यात एक अपवाद. होझे फर्नांडेझ, क्युबातून समुद्रमार्गे पळून आलेला पोरगा, पिचर. २०१३ चा सर्वोत्तम नवा खेळाडू. तो ज्या दिवशी बॉल टाकणार त्या दिवशी स्टेडियम वेगळंच वाटायचं असं म्हणतात, गर्दीच वाढायची. २५ सप्टेंबर २०१६ ला पहाटे बोट अपघातात गेला, २४ वर्षांचा. स्टेडियमच्या दारात फुलं, मेणबत्त्या, टोप्या. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात सगळे खेळाडू त्याच्या १६ नंबरच्या जर्सीत उतरले. डी गॉर्डन, डावखुरा फलंदाज, पहिल्या बॉलला त्याच्या आठवणीत उजव्या हातानं उभा राहिला, मग डावीकडं आला आणि सरळ होम रन मारला, त्याचा त्या सीझनमधला पहिलाच, आणि रडत रडत बेस पळाला. वर्गात हा व्हिडिओ लावला तर जतचं पोरगं, ज्याला तासाभरापूर्वी विटीदांडू वाटत होतं, ते मान खाली घालून बसलेलं. केसमधे हे कशाला घेतलं असं एकानं विचारलं. मी म्हणलं कारण हेच लोक, ज्यांनी त्या स्टेडियमला शिव्या घातल्या, तेच त्या दारात फुलं घेऊन आले, दोन्ही खरं आहे आणि तुमच्या उत्तरात दोन्ही आलं पाहिजे.

२०२० ला कोविडमधे तिथल्या पार्किंगमधे गाडीत बसल्या बसल्या टेस्ट व्हायची. आपल्याकडं २०१९ च्या महापुरात लोक शाळांत, मंगल कार्यालयांत राहिले, तेव्हापासून सांगलीत कुठलीही मोठी सरकारी इमारत दिसली की माणूस आधी विचारतो पाणी कुठंवर आलतं, त्यामुळं पोरांना हा मुद्दा पटकन पटला. आणि मार्च २०२३ ला वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, म्हणजे देशादेशांतली स्पर्धा, तिचे शेवटचे सामने तिथं झाले. सेमीफायनलला क्युबाची टीम, लिटल हवानात, बाहेर घोषणा, काहीजण बॅनर घेऊन मैदानात घुसले. फायनलला जपाननं अमेरिकेला ३-२ हरवलं, तुडुंब गर्दी. म्हणजे स्टेडियम वाया गेलं असं कुणी म्हणू शकत नाही. भरतं ते, फक्त रोजच्या टीमला भरत नाही.

आता शेवटचा भाग, जो मी मुद्दाम राखून ठेवलता. करारात एक कलम होतं. मालकानं ठराविक वर्षांच्या आत टीम विकली तर नफ्यातला काही टक्के वाटा शहराला आणि काउंटीला. वर्षं जातील तसा टक्का कमी, शेवटी शेवटी ५ टक्के. २०१७ ला लोरियानं टीम विकली. किती? १२० कोटी डॉलर. घेतलेली १५.८ ला. पोरांचे डोळे चमकले, काउंटीला आता काहीतरी मिळणार. मग मालकाकडून हिशोब आला. कर्ज वजा, टॅक्स वजा, अमुक वजा, तमुक वजा, करत करत निष्कर्ष, आम्हाला तोटा झाला, वाटा शून्य. २०१८ ला काउंटी आणि शहर कोर्टात. २०२१ ला तडजोड, ४२ लाख डॉलर.

तासगावच्या पोरानं पेन खाली ठेवलं. म्हणलं, "सर, आमच्याकडं बेदाण्याचा व्यापारी असाच हिशोब करतो. हमाली वजा, तोलाई वजा, ओलावा वजा, बारदान वजा. शेवटी आपणच त्याला पाचशे देणं लागतो."

मग मी प्रश्न दिला. तुम्ही काउंटी कमिशनर आहात, मार्च २००९, मंदी, टीम जायची धमकी, खाली मजूर काम मागतायत, मत द्या आणि कारण लिहा, २५० शब्द. एकवीस जणांनी लिहिलं. चौदा जणांनी विरोधात, लोकशाही, पारदर्शकता, सार्वजनिक निधी, सगळे शब्द बरोबर जागी, वाचताना मला डुलकी आली. जतच्या पोरानं लिहिलं मी गैरहजर राहीन, हे खरं तर सगळ्यात वास्तववादी उत्तर होतं.

सॉफ्टबॉलवालीनं बाजूनं मत दिलं. पण अटी घातल्या. टीमचं पाच वर्षांचं बॅलन्सशीट आधी टेबलावर, पहिला हप्ता पहिल्याच वर्षी सुरू, ऑरेंज बाऊलचे ५ कोटी परत लोकांना विचारल्याशिवाय वळवायचे नाहीत, आठवड्यातून एक दिवस शाळेच्या पोरांना मैदान फुकट. आणि विक्रीच्या कलमात "नफ्याच्या ५ टक्के" खोडून "विक्री किमतीच्या ५ टक्के". खाली तिनं आकडा पण मांडला होता, १२० कोटीचे ५ टक्के म्हणजे ६ कोटी डॉलर, वजाबाकीला जागाच नाही.

तिला १० पैकी ७ दिले. वही घेऊन आली, "सर तीन कुठं गेले?" म्हणलं ३४० शब्द झालेत, मर्यादा २५० होती.